रोबोटने म्हणजे कोणी?

चुरीबाई कुठल्याही पाटीपुढे थांबत आणि तिच्यातलं क्रियापद शोधत. ते सापडलं नाही की भाजीत मीठ पडलं नसल्यासारखा त्यांचा चेहरा होई. आम्ही गुजरातच्या सीमेलगत सिल्वासात नवे राहायला गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं, कारण ज्या मीटिंगला मी गेलो नाही त्याच मीटिंगमध्ये ते ठरलं. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं, ‘उद्या पाणी बंद’. संध्याकाळी खडोलीच्या कंपनीतून ड्यूटी करून आलो, तर खाली लाल खडूने लिहिलेलं: ‘कोण बंद करणार? किती वेळ? वाक्य पूर्ण करा.’

मी तणतणत तळमजल्यावरच्या त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, ते मी लिहिलं. बसा.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“हे वाक्य अगदी पूर्ण आहे,” त्या समाधानाने म्हणाल्या. “आता बसा.”

मी बसलो. चहा आला. त्यानंतर सात वर्षं, म्हणजे कंपनीने माझी बदली करेपर्यंत, मी त्या घरात बसत आलो. बहुतेक वेळा भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

बाई मूळच्या चिंचणीकडच्या. रांध्याच्या सरकारी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने बारीक, आवाजाने नाही. लग्न केलेलं नव्हतं. माझ्या बायकोने एकदा भीतभीत कारण विचारलं, तर म्हणाल्या, “मला कर्ता हवा होता. बघायला आले ते सगळे कर्म होते.” बायकोला हे कळलं नाही, पण बाईंकडे बघून आपणच हसायला हवं असं तिला वाटलं आणि ती हसली. घरी आल्यावर मी समजावून सांगितलं. तेव्हा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

रोज दुपारी साडेतीनला बाईंच्या दाराबाहेर, पार्किंगच्या कोपऱ्यात सतरंजी पसरली जाई. खडोलीच्या धाग्याच्या कंपन्यांत पॅकिंगला असणाऱ्या नऊ-दहा बायका पहिली पाळी संपवून तिथे येत. नवापूर, साक्री, शिरपूर अशा गावांहून नवऱ्यांबरोबर आलेल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. कोणाला बसची पाटी वाचायची होती, कोणाला औषधाच्या बाटलीवरचं. इंदूबाई म्हणून एक होती, तिला फक्त नवऱ्याच्या मोबाइलवर कोणाचे मेसेज येतात ते वाचायचं होतं. तीच सगळ्यांत हुशार निघाली.

बाई त्यांच्यात मांडी घालून बसत. गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. वर्ग संपला की दोघीजणी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं करत. मी एकदा म्हणालो, “खुर्ची घ्या ना.” तर त्यांनी मला त्याची हकिकत सांगितली. खुर्ची एकदा घेऊन झाली होती. त्या दिवशी बाई बाहेर आल्याबरोबर सगळ्या उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर आले, आणि तासाभरात एकीनेही तोंड उघडलं नाही.

“सतरंजीवर बसले की या बायका मला दहादा सांगतात, बाई, समजलं नाही. खुर्चीत बसले की मी सुपरवायझर होते. सुपरवायझरला कोणी ‘समजलं नाही’ म्हणतं का? सगळं समजलं म्हणतात आणि चुकीचं लेबल लावतात. मला मांडी हवी, सेक्रेटरीसाहेब. मांडी गेली की वर्ग गेला.”

आणि मांडी जायलाच बसली होती. एका बुधवारी बायकांची बस चुकायला आली. बाई म्हणाल्या, “पळा तुम्ही, मी उठते.” मी सहा वाजता आलो, तर बाई भिंतीला टेकून तिथेच.

“बाई, अजून बसलात?”

“मी बसलेली नाही. मी उठायची राहिले आहे.”

तोवर त्यांनी सगळ्या वह्या तपासून संपवल्या होत्या आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून पेपरही तपासला होता. शेवटच्या पानावर एक मोठी जाहिरात होती: ‘आता रोबोटिक गुडघा! अचूक! वेदनारहित! मांडीही! उकिडवंही!’ प्रत्येक उद्गारचिन्हाखाली लाल पेनाने ‘क्रियापद?’ असं लिहिलेलं. ‘मांडीही’ या शब्दाभोवती मात्र तीन गोल होते.

आधी आम्ही जवळच्याच एका हाडांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि ‘अरेरे’ म्हणाले. दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आणि बदलल्यावर जमिनीवर बसायचं नाव काढायचं नाही.

“मग बदलून करायचं काय?” बाई म्हणाल्या.

“चालायचं, बाई.”

“चालत जाऊन बसायचं कुठे?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग राहिला रोबोट. जाहिरातवाल्या हॉस्पिटलने एका रविवारी हॉलमध्ये मोफत मार्गदर्शन शिबिर ठेवलं होतं. मी बाईंना स्कूटरवरून नेलं. त्या एकाच बाजूला पाय करून बसत आणि उजवा गुडघा वाकत नसल्याने तो पाय फाटकाच्या दांड्यासारखा आडवा बाहेर राही. रिक्षावाले आम्हाला लांबून वाट देत.

हॉलमध्ये स्टेजवर रोबोटचं माणसाएवढं चित्र उभं केलेलं. त्याला कोणीतरी हार घातला होता. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी अर्धा तास भाषण केलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. बाई उठल्या, म्हणजे मी उठवल्या.

“रोबोट काय करतो?”

“प्रिसिजन, मॅडम. अचूकता.”

“ते नाम झालं. तो करतो काय?”

“जर्मन टेक्नॉलॉजी, मॅडम.”

“ती दोन नामं झाली. क्रियापद सांगा हो. उचलतो, कापतो, शिवतो, घासतो, नक्की काय करतो?”

गृहस्थांनी चित्रातल्या रोबोटकडे पाहिलं. त्याचीही काही मदत झाली नाही. मग ते म्हणाले, “असिस्ट करतो.”

“कोणाला?”

“टीमला.”

“आणि मांडी घालता येते?”

“हंड्रेड परसेंट फ्लेक्झिबिलिटी!” ते ओरडले, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी शेजारच्या आजोबांना विचारलं, “टाळ्या कशाला वाजवल्यात?” आजोबा म्हणाले, “रोबोट आला ना.” “कुठे आला?” “येतोय म्हणतात.” मग त्या गृहस्थांनी विचारलं, रोबोटिक गुडघा कोणाकोणाला हवा? सगळ्या हॉलने हात वर केले. माझाही हात वर गेला. माझे गुडघे ठणठणीत आहेत, हे मला हात खाली घेताना आठवलं.

घरी उतरल्यावर बाई म्हणाल्या, “ज्यांचे गुडघे बदलून झालेत त्यांनाच विचारू या. तीस वर्षं मी सरकारची पाहणी करत आले, कधी जनगणना, कधी मतदारयादी. एक स्वतःची करते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फॉर्म तयार केला. त्यात एकच वाक्य होतं:

‘______ने माझ्या ______चे ऑपरेशन केले आणि आता मी मांडी घालून बसू ______.’

गाळलेल्या जागा भरा. या फॉर्मच्या झेरॉक्स काढायला मला पाठवण्यात आलं. झेरॉक्सवाल्याने वाचून विचारलं, “ही कुठल्या यत्तेची परीक्षा?”

पहिला मान वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबेनना मिळाला. त्यांनी उत्साहाने लिहिलं, लेसर. “मारुं तो लेसरथी कर्युं, टीचरबेन. टांका ज नथी,” असं म्हणत त्यांनी साडी वर करून गुडघा दाखवला. गुडघ्यावर वीतभर लांबीची टाक्यांची रेघ होती. बाईंनी चष्मा सारखा केला. दुसऱ्या जागेत ज्योत्स्नाबेननी लिहिलं, ढांकणी.

“वाटी,” बाई म्हणाल्या.

“ना ना, ढांकणी.”

गुडघ्याच्या पुढच्या त्या हाडाला मराठीत वाटी म्हणतात आणि गुजरातीत ढांकणी, म्हणजे झाकण. त्यावर दोघींचं चांगलंच जुंपलं. बाईंचं म्हणणं, आकार वाटीचा. ज्योत्स्नाबेनचं म्हणणं, काम झाकायचं. मी म्हटलं, दोन्ही एकावर एक ठेवलं तर डबा होईल. दोघींनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसऱ्या गाळलेल्या जागेकडे लक्ष वेधलं. तर ज्योत्स्नाबेननी झोपाळ्यावर सरळ पाय वर घेतले आणि मांडी घातली!

बाई झोपाळ्याजवळ सरकल्या. “डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाला म्हणून?”

“डॉक्टरे तो ना पाडी छे,” ज्योत्स्नाबेन झोका घेत म्हणाल्या. “पण हिंचका पर तो पलांठी वाळीने ज बेसाय!” डॉक्टर नको म्हणोत, झोपाळ्यावर माणसाने दुसरं बसायचं तरी कसं?

दुसरे भदाणेआबा. गलोंड्याच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आमच्या धुळ्याकडचे. रोबोटकडून गुडघा करून घेतलेला आख्ख्या भागातला पहिला माणूस म्हणून त्यांचा मान होता. लोक त्यांचा गुडघा बघायला येत.

“रोबोटनेच करं मनं ऑपरेशन,” ते म्हणाले. “मानूसनी हात बी लावा नही.”

ऑपरेशनच्या सकाळी आबांनी घरून नारळ आणि कुंकू नेलं होतं. “नवं मशीन शे. कंपनीमा नवं मशीन उनं की नारळ फोडतस ना आपन? मंग?” ऑपरेशन थिएटरात नारळ फोडू देईनात. वाटाघाटी झाल्या. अखेर नारळ लिफ्टपाशी फुटला, आणि कुंकवाचं बोट रोबोटऐवजी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या टोपीला लागलं.

“पण रोबोटने केलं हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर भूल घेतलेली,” बाईंनी विचारलं.

“सिस्टरनी सांगं ना! गुजराती सिस्टर व्हती. मी इचारं, डॉक्टरले येस ना हे काम? ती म्हने, डॉक्टरसाहेबे रोबोटने शीखवाड्युं. म्हंजे डॉक्टरसाहेबले बी रोबोटनेच शिकाडं! गुरू शे तो!”

“मांडी?”

आबांचा चेहरा पडला. “मांडी नही बा. डॉक्टर नही म्हनतस.”

“मग रोबोटचा उपयोग काय झाला?”

“परफेक्ट शे ना.”

“काय परफेक्ट आहे?”

“सगळंच,” आबा म्हणाले, आणि गुडघ्यावर पंचा पांघरला.

परत येताना किलवणी नाक्याच्या अलीकडे बाई स्कूटरवर मागून एकदम ओरडल्या, “थांबवा!” मला वाटलं पाय कशात अडकला. मी ब्रेक दाबला.

“गुजरातीतला ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’!” बाई भर रस्त्यात म्हणाल्या. “रोबोटने शीखवाड्युं, म्हणजे रोबोटला शिकवलं. डॉक्टरांनी रोबोटला शिकवलं हो! आबांनी ते मराठीत ऐकलं आणि रोबोट गुरू झाला. आणि मराठीतही आपण काय करतो? रामाने मारलं, बाणाने मारलं. ‘ने’ तोच. पण राम मारणारा, बाण हे साधन. सुरीने कांदा चिरला म्हटलं, तर सुरी ओट्यावर चढून एकटी चिरत बसली असं कोणी समजतं का? मग रोबोटने ऑपरेशन केलं म्हटल्यावर हा रोबोटच तेवढा राम कसा होतो?”

मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. “तृतीया विभक्ती!” बाई त्याला म्हणाल्या. तो हात जोडून बाजूने निघून गेला.

त्यानंतर आम्ही आणखी बऱ्याच घरी गेलो. सगळ्यांनाच रोबोट हवा होता किंवा झाला होता, आणि रोबोट काय करतो हे एकालाही सांगता येत नव्हतं. एकाच्या मते तो टाके घालतो. एका काकूंचं म्हणणं, तो हसतमुख होता. बाई फॉर्म लावून ठेवत आणि सुस्कारा टाकत. तोवर त्यांना न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंत धरावी लागू लागली होती आणि सतरंजीवर उतरायला तिघीजणी लागत होत्या.

शेवटी आम्ही त्या जाहिरातवाल्या हॉस्पिटलात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच गाठलं. आबांचा गुडघा त्यांनीच केला होता, ज्योत्स्नाबेनचाही. नाशिककडचे, तरुण, चाळिशीच्या आतले. बाईंनी फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो चाळला. आधी हसले, मग हसायचे थांबले.

“लेसर? माझ्याकडे लेसर नाहीच, बाई.”

“ते मी टाके बघितले तेव्हाच ओळखलं. तुम्ही वाक्य भरा. कर्ता कोण?”

“मी.”

“रोबोट?”

“करवत माझ्याच हातात असते. रोबोटचा हात ती धरून ठेवतो. आधी तुमच्या पायाचा स्कॅन काढून कुठे किती कापायचं ते आम्ही ठरवतो, आणि मी त्याबाहेर जायला लागलो तर तो मला जाऊ देत नाही.”

“म्हणजे पट्टी,” बाई म्हणाल्या. “रेघ मी ओढायची. पट्टी ती वाकडी होऊ देत नाही.”

“अगदी तसंच.”

“पट्टीने ओढलेल्या रेघेवर माणूस जास्त चांगलं चालतो का?”

डॉक्टरांनी गठ्ठा बाजूला ठेवला. “रेघ सरळ येते हे मी सांगू शकतो. चालण्यात पुढे त्याने फार फरक पडतो, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आम्हीही अजून बघतोच आहोत.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. इतक्या आठवड्यांत ‘अजून माहीत नाही’ हे पूर्ण वाक्यात सांगणारा हा पहिलाच माणूस होता.

“आणि कर्म? वाटी?”

“वाटी मी बहुतेक वेळा बदलत नाही. मांडीच्या हाडाच्या आणि नळीच्या टोकावर धातूची टोपी बसवतो, मध्ये प्लास्टिकची गादी. वाटी तुमची तुमच्याकडेच राहते.”

“म्हणजे आख्ख्या गावाचा कर्ता चूक आणि कर्मही चूक,” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. “उरलं काय? नुसतं ‘केले’.” मग त्यांनी तिसऱ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि मांडी? जाहिरातीत आहे.”

“जाहिरात मी लिहीत नाही,” डॉक्टर कसनुसे होत म्हणाले. “मांडीचा रोबोटशी काही संबंध नाही. कोणी कोणी घालतात. मी नको म्हणतो, कारण ती गादी लवकर झिजते. पण बाई, तुम्हाला मांडी हवी कशाला?”

हा प्रश्न आजवर आम्हाला कोणी विचारला नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं, सतरंजी, बायका, ‘समजलं नाही’. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. असंच ठेवलं तर वर्षभरात बाई पलंगाला खिळतील, आणि मग सतरंजीही नाही. ऑपरेशन केलं तर त्या खडोलीपर्यंत चालत जातील, पण बसतील खुर्चीतच.

बाईंनी लाल पेन काढून तिसऱ्या जागेत ‘शकणार नाही’ असं लिहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं, “रोबोटने करायचं की त्याच्याशिवाय? तुमच्या गुडघ्यांना दोन्ही चालेल. तुमची पसंती सांगा.”

“तुमच्या हाताला जास्त सवय कशाची?”

“बिनरोबोटची.”

“मग तसंच करा,” बाई म्हणाल्या.

संमतीपत्रावर मात्र घोळ झाला. ‘शस्त्रक्रिया करण्यात येईल’ या ओळीवर बाईंनी लाल पेनाने ‘कोणाकडून?’ असं लिहिलं. कागद खराब झाला म्हणून बाईसाहेबांना नवा देण्यात आला. त्यावरही त्यांनी तेच लिहिलं. तिसऱ्या कागदावर डॉक्टरांनी स्वतःच ‘मी शस्त्रक्रिया करीन’ असं लिहून खाली पूर्ण नाव घातलं. तेव्हा कुठे बाईंनी सही केली आणि डॉक्टरांना ‘शुद्धलेखन चांगलं आहे’ असा शेराही दिला.

आधी उजवा गुडघा झाला, तीन महिन्यांनी डावा. भदाणेआबा बघायला आले. “रोबोटनेच ना?” “डॉक्टरांनी. हाताने,” बाई म्हणाल्या. आबा हळहळले. “हातनी? बिचाऱ्या!” असं म्हणून त्यांनी आणलेली मोसंबी उशाशी ठेवली, चार होती त्यात खिशातलं एक आणखी घातलं.

बाई चालू लागल्या. आधी वॉकरने, मग काठीने, मग नुसत्याच. एका सकाळी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना दिसल्या तेव्हा मला खरोखर भरून आलं. पण त्यांचं लक्ष चालण्यात नव्हतंच. सोमवारी वर्ग परत सुरू व्हायचा होता, आणि ऑपरेशनला जराही न भ्यालेल्या बाई त्या दुपारी घाबरल्या होत्या.

“सेक्रेटरीसाहेब, आज तुम्ही जवळपास थांबा,” त्या म्हणाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्कूटरचा प्लग साफ करायला बसलो. तो साफच होता.

बाई खुर्ची घेऊन बाहेर आल्या. सगळ्या उठल्या. बाई बसल्यावर खाली सतरंजीवर बसल्या. डोक्यावर पदर. बाईंनी शिकवलं आणि विचारलं, “समजलं?” सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “हो, बाई.” दुसऱ्या दिवशीही “हो, बाई.” तिसऱ्या दिवशीही. रोज संध्याकाळी बाईंचा चेहरा अधिक उतरलेला असे. गुरुवारी मला म्हणाल्या, “सगळ्यांना सगळं समजतंय. म्हणजे कोणाला काही समजत नाहीये. शनिवारी सांगून टाकते त्यांना, दुसरी कोणी जमिनीवर बसणारी बाई बघा म्हणून. मला आता जमत नाही.” चहा त्या दिवशी झाला नाही.

शुक्रवारी मला सुट्टी होती. तीनच्या सुमाराला इंदूबाई माझ्या दारात. “भाऊ, त्या खोलीनी चावी द्या.”

जिन्याखालच्या खोलीत सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या फक्त सभासदांसाठी आहेत असा नियम होता, आणि तो मीच केलेला. “कशाला?” मी विचारलं.

“बसाले.”

मी लगेच चावी दिली असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी तीन प्रश्न विचारले. मग दिली.

नऊ जणींनी नऊ निळ्या खुर्च्या बाहेर काढल्या, पदराने पुसल्या आणि बाईंच्या खुर्चीला चिकटून गोल मांडल्या. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली. आणि मग सगळ्या खुर्च्यांमागे उभ्या राहिल्या. पॅकिंगला आठ तास उभ्यानेच काम असतं. मोठ्या माणसासमोर खुर्चीत बसणं यांतल्या एकीनेही आयुष्यात केलं नव्हतं. बाई दार उघडून बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

इंदूबाईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, पडेल या भीतीने, आणि टोकावर बसली. मग मागे सरकून नीट बसली. मग दुसरी बसली. मग सगळ्या.

“तुमले खाली येता येत नही ना बाई,” ती म्हणाली, “मंग आम्हीच वर उनूत.”

बाई येऊन आपल्या खुर्चीत बसल्या. त्यांचे नवे गुडघे समोरच्या दोघींच्या गुडघ्यांना लागत होते. इंदूबाईने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

“आते सोमवारपासून परत सांगा. आमले समजनं नही.”

“काय समजलं नाही?” बाईंनी विचारलं.

“काहीच नही.”

“मले बी नही,” दुसरी म्हणाली.

“मले त पयल्या दिवसपासून नही,” कोपऱ्यातली एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

बाई रडत होत्या, आणि इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नाक पुसलं, पुस्तक घेतलं आणि सोमवारचं पान काढलं.